बर्फातलं बदक

३ जानेवारी
भिंगरीच्या प्लेग्रुपमधून कागद आला. अठरा तारखेला ‘हिवाळ्यात घरबसल्या खेळायचे खेळ’. प्रत्येक मुलासोबत घरातलं एकच मोठं माणूस, आणि त्याने सगळ्या पोरांना एक खेळ खेळवायचा. सूनबाई म्हणाली, भिंगरी सांगेल ते जातील. म्हणजे विषयच संपला. हिवाळा म्हणजे बर्फ, आणि बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिफ्ट इन्चार्ज होतो मी.

व्याहीसुद्धा तिचे आजोबाच, पण ते पाहुणे. गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर आलेत. जन्मभर शिवणकाम केलं. बर्फातलं त्यांना काय कळणार!

५ जानेवारी
व्याह्यांनी जुनी उशी उसवली. कापूस पिंजून त्याचा ‘बर्फ’ केला, त्यात मोठाली बटणं लपवली. भिंगरी दोन तास चाचपून बटणं शोधत होती. मला काहीही वाटलं नाही. कापूस नाकात जातो, एवढंच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर बायको म्हणाली, जरा बाहेर चक्कर मारून या.

मारली. थंडी होती.

७ जानेवारी, दुपारी
प्लॅन तयार. खेळणं बर्फात गोठवायचं, पोराने ते सोडवायचं. भिंगरीचं रबरी बदक घेतलं, तिचं सर्वांत लाडकं. पाणी दोनदा उकळून गार केलं, म्हणजे बर्फ काचेसारखा होतो. पातेलं फ्रीझरमध्ये. दारावर चिठ्ठी : उघडू नये.

८ जानेवारी
बदकाशिवाय भिंगरी दुपारी झोपत नाही, हे माहीत नव्हतं. रडून घर डोक्यावर घेतलं. सगळे शोधतायत. सरप्राइज असल्यामुळे मलाही शोधावं लागलं. व्याही दुखऱ्या गुडघ्यानिशी सोफ्याखाली वाकले होते. ते बघून थोडं बरं वाटलं. नको वाटायला, पण वाटलं.

९ जानेवारी
बर्फ अप्रतिम! एक बुडबुडा नाही. मधोमध बदक. कारखान्यातही असा क्वचितच जमला असेल. भिंगरीच्या हाती लाकडी चमचा दिला. तिने दहा मिनिटं ठोकलं, मग बदक मेलं का, असं विचारलं. मी समजावलं की माझ्या हिशोबाने सात तास लागतील, धीर धर. तिने भोकाड पसरलं.

तेवढ्यात व्याही आले. गुडघा शेकायची गरम पाण्याची पिशवी बर्फावर ठेवली. तिला चिमटीने मीठ टाकायला दिलं, चमच्याने कोमट पाणी ओतायला दिलं. बर्फाला भोकं पडली, बोटं आत गेली, पोरगी खिदळायला लागली. अर्ध्या तासात बदक बाहेर.

मिठाचं मलाही ठाऊक होतं. पण इतका सुंदर बर्फ नासवायचा?

१३ जानेवारी
शेव्हिंग फोमचा बर्फ केला, ट्रेभर. भिंगरीला फार आवडला. तीन मिनिटांनी म्हणाली, आबांना दाखवते, आणि ट्रेसकट गेली. ‘आबा’ म्हणजे व्याही. फोम संपला. दाढी वाढलीय.

१६ जानेवारी
सूनबाईने भिंगरीला विचारलं, कोण येणार. भिंगरी म्हणाली, आबा. लहान आहे. प्रश्न नीट समजला नसणार.

जेवलो नाही. भूक नव्हती, बाकी काही नाही.

१७ जानेवारी
न्याय आहे! व्याही म्हणाले, गुडघा फारच धरलाय, तुम्हीच जा. मी वाईट वाटल्याचा चेहरा केला. पाच पातेली गोठवायला टाकली. वेळ वाचावा म्हणून मीठ आणि त्यांची गरम पाण्याची पिशवी घेतली. दाढी केली, साबणाने.

१८ जानेवारी, दुपारी १
पोरं बर्फावर तुटून पडली. प्लेग्रुपच्या ताई म्हणाल्या, आजच्यातला हा सर्वांत छान खेळ, कुणी शोधला? मी घसा खाकरला. त्याआधीच भिंगरीने सगळ्यांना सांगितलं की हा आमच्या आबांचा खेळ आहे, आजोबा बर्फ आणतात.

दुपारी ४
व्याह्यांना पिशवी परत द्यायला गेलो. मांडी घालून जमिनीवर बसले होते, भिंगरीसाठी कापसाची टोपी शिवत. मला बघून घाईघाईने पाय लांब केला आणि कण्हले.

सूनबाईला विचारलं. म्हणाली, डॉक्टरांनी परवाच सांगितलंय की गुडघा ठणठणीत आहे, उद्या ते घरी निघणार.

म्हणजे माझ्यासाठी लंगडले. हेही त्यांनाच सुचलं. मला का नाही सुचलं?