दिव्यावरची गोणी

मंगळवार, संध्याकाळ. नेवासा.

ऊसतोड मजुरांच्या तळावर मी बसवलेल्या दिव्यावर चौथ्याच दिवशी खताची गोणी बांधलेली. तीस वॅट, चार मीटर उंची, सगळ्या मोकळ्या जागेवर सारखा उजेड. निवड माझी. आकडेमोड अजूनही बरोबर आहे.

कारखान्याचे सुपरवायझर हसत होते. “बघा मॅडम, ह्यांना सुधारणा सोसत नाही. काढून टाका.”

मी मजुरांच्या कोप्यांकडे, त्या पाचटाच्या झोपड्यांकडे गेले. पाथर्डीच्या कांताबाई भाकरी थापत होत्या. “उजेड लई चांगला हाय, ताई. पन पहाटं आमी बाया तिथंच बसतो. आता आख्खा तळ बघतो. दोन दिस लांब उसात गेलो, तर सुनंला इचू चावला. मग ट्रॉलीवर चढून बांदली गोनी.”

तळावर संडास नाहीत, हे मला माहीत होतं. नकाशावर ती जागा ‘मोकळी’ होती. एकाही बाईला विचारलं नाही मी. का नाही?

आणि हे सुपरवायझर साहेब! संडासाचं काढलं की “पुढच्या हंगामात बघू.” दिवा हलवायच्या अर्जात कारण काय, तर म्हणे ‘मजुरांचा विरोध’ लिहा. विरोध? विंचू यांना चावला असता, म्हणजे कळलं असतं.

मी लिहिलं, ‘तळावर संडास नाहीत.’ खाली सही केली.

“हे असं वर पाठवायचं?” आता हसू नव्हतं.

“असंच.”

उद्या दिवा पाण्याच्या टाकीपाशी, कांताबाईंनी दाखवलेल्या जागी. आज गोणी सोडली नाही. उलट एक गाठ सैल होती, ती ट्रॉलीवर चढून घट्ट केली.