धारचा एरिया मॅनेजर

सोम., ३ फेब्रु.
कारखाना बंद पडून सात महिने झाले आणि आज नेमणुकीचं पत्र! एरिया मॅनेजर, धार विभाग. जाहिरातीत साफ लिहिलं होतं: ऑफिसचं काम, पक्का पगार, विक्री नाही. सौ.ने लगेच आमच्या रेवाच्या लग्नाच्या बायोडाट्यात 'वडील: एरिया मॅनेजर' भरलं. संध्याकाळी तो धारच्या मोहित्यांकडे, त्यांच्या मुलासाठी, गेलासुद्धा.

गुरु., ६ फेब्रु.
इंदूरला ट्रेनिंग. ऑफिस कसलं, मोबाइलच्या दुकानावरची एक खोली. प्रत्येकाच्या हातात पाण्याच्या फिल्टरची पिशवी. शेजारी बसलेला 'रीजनल हेड', त्यालाही तीच. विचारलं, विक्री नाही म्हणाला होतात ना? साहेब (वय पंचवीस, फार तर) हसले. "अंकल, सेल्स कौन बोल रहा है? घर-घर जाकर डेमो देना है बस. एरिया आपका, मैनेज भी आप ही करोगे." पगारही फिल्टर खपले तरच.
सौ.ने पिशवीचं विचारलं. म्हटलं, सँपल आहे.

मंगळ., ११ फेब्रु.
देवास-इंदूर-धार, दोन बस. डेमो म्हणजे शुद्ध चारसोबीसी. नळाच्या पाण्यात विजेच्या दोन सळया सोडायच्या, पाणी तपकिरी होतं, बायका "अगंबाई!" करतात. अहो, सळईचंच लोखंड आहे ते! सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली मी. तरी केलं, तीन घरी केलं. एक आजी घाबरून म्हणाल्या, "नातवंडांना हेच पाजलं की रे आम्ही." गप्प बसलो. स्वतःची किळस आली.

रवि., १६ फेब्रु.
मोहिते मंडळी येऊन गेली. मुलगा खरंच चांगला, रेवाशी नीट, मोकळं बोलला. मोहिते खुशीत: "होणारे व्याही धारचेच मॅनेजर, आता येणं-जाणं राहीलच!" आत्ता सांगतो, आत्ता सांगतो करत दोन कप चहा प्यालो. रेवा आतून हसत बाहेर आली आणि मग...
नाही सांगितलं. भित्रा लेकाचा.

बुध., १९ फेब्रु.
शुक्रवारची यादी आली. मोहित्यांची गल्ली, घर नंबरासकट. बदलून द्या म्हटलं. "आप मराठी हो ना अंकल, मराठी मोहल्ला आप ही पकड़ो. मैनेजर लोग ऐसे ना-नुकुर नहीं करते." मॅनेजर म्हणे! कानाखाली वाजवावीशी वाटली.
रात्री जेवताना रेवाला आणि सौ.ला सगळं सांगितलं. सौ. ताट तसंच ठेवून उठली. रेवा म्हणाली, "बाबा, त्या सळयांचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" हो म्हटलं. "मग मोहितेकाकांना तुम्हीच सांगा. दारात पिशवी घेऊन उभे राहायच्या आधी."

शुक्र., २१ फेब्रु.
रिकाम्या हाती गेलो. जाहिरात, पत्र, पिशवी, सळया, सगळं सांगितलं. म्हटलं, बायोडाटा दिला तेव्हा मलाही खरंच वाटलं होतं. पण त्या रविवारी गप्प राहिलो ती लबाडी माझी. वहिनींनी पोहे केले, आग्रह करून वाढले. निघताना मोहिते फाटकापर्यंत आले. "घरात बोलतो आणि कळवतो."
घरी पोचलो तर रेवा दारातच उभी. "काय म्हणाले?"
"घरात बोलून कळवतो म्हणाले."
तिचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे नकार तर नाही ना दिला!"
दिवसाला पंधरा दारांत मी हेच वाक्य ऐकतो. अजून एकानेही कळवलेलं नाही.