मंदाच्या फ्रीजचे मैल

९ फेब्रुवारी २००५

सुमनच्या ओट्यावर आम्ही दोघी आणि मध्ये एकच कात्री. चहाच्या पुड्यावरचं चित्र कापून ठेवायचं. पुरेशी साठली की कंपनी काचेचे ग्लास पाठवायची. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, शेजारची सुमन माझ्याआधी दोनच महिने भाटघरहून भोरला नांदायला आलेली. जीभ बाहेर काढून कापायची. ग्लास लवकर यावेत म्हणून सासूला दिवसातून चार-चारदा चहा पाजायची. म्हातारी गावभर सांगत सुटली, सून मिळावी तर अशी! सहा ग्लास आले, नारिंगी पट्ट्यांचे. तीन तिला, तीन मला. आता माझ्याकडे दोन, तिच्याकडे एक.

हे आठवलं कारण आज पोस्टानं बँकेचं पुस्तक आलं. क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर काय काय मिळतं त्याचं. गेल्या वर्षीचाच मिक्सर, फोटोसुद्धा तोच, आणि पॉइंट जवळजवळ दीडपट. कुणी विचारलं आम्हाला? आम्ही साठवत बसायचं आणि हे मिक्सर फडताळात एकेक फळी वर सरकवत राहणार!

गल्लीत कार्ड माझ्या एकटीकडे. शाळेत नोकरीला होते तेव्हा बँकेच्या पोरानं गळ्यात मारलं. मग रोकड घेऊन एसटीनं पुण्याला कुणी जायचं? झरीनाआपाचं कार्ड आहे की. सुमनच्या मंदाच्या लग्नाचं फ्रीज, कपाट, टीव्ही, सगळं त्याच्यावर. गल्लीतल्या दत्ताच्या टेम्पोचे टायर त्याच्यावर. दुकानदार कार्ड म्हटलं की दोन टक्के जास्त मागणार, त्याच्याशी भांडायचं काम माझं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुमालात बांधलेली रोकड दारात. बिलाची तारीख कुणी कधी उलटू दिली नाही.

पॉइंट सगळ्यांचे, हे तेव्हाच ठरलंय. पहिली वस्तू सुमनला.

१२ फेब्रु.

इम्रानला फोन केला. पोरगं पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, त्याला यातलं कळतं.

"अम्मी, पुस्तकातली वस्तू कधीच घ्यायची नसते. तोच मिक्सर बाजारात निम्म्यात. ते पॉइंट विमानाच्या मैलांत बदलायचे. दुप्पट व्हॅल्यू."

म्हटलं, मैलांत चटणी वाटता येते का?

हसला. मग म्हणाला, लग्नाच्या वेळचे पॉइंट मार्चअखेर बाद होतील, तीन वर्षांची मुदत असते. हे मला आज कळतंय! पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. इंग्रजी नन्सकडून शिकले, तरी भिंग लागलं.

त्याला बजावलंय, मी सांगेपर्यंत हात लावू नकोस. बँकेला फोनवर सांगायचा गुप्त नंबर त्याला माहीत आहे, मीच दिलेला. ते यंत्र एक दाबा, दोन दाबा म्हणतं तोवर माझं बोट चुकतं.

१९ फेब्रु.



सकाळी स्वतः बँकेत फोन लावला. मिक्सर मागवून टाकू, महाग तर महाग. बऱ्याच वेळानं जिवंत मुलगी आली. पुस्तकातलं पान सांगितलं, वस्तूचा नंबर सांगितला. ती म्हणाली, "मॅम, पॉइंट्स तर मंगळवारीच ट्रान्सफर झालेत."

कुठे? विमान कंपनीत. कुणाच्या खात्यात? ते तिला सांगता येत नाही. मला सांगता येतं.

परत फिरवता येतात? नाही, मॅम. आणखी काही मदत करू, मॅम? अजून विचारते!

२० फेब्रु.

इ.चा फोन लागला अखेर.

"बाद होण्यापेक्षा बरं ना? तू ठरवेपर्यंत एप्रिल उजाडला असता."

खरं आहे. तेच जास्त जळतं. चोरी करणारानं चूक तरी करावी!

आमचे हे पेपरमागून म्हणाले, "हवेतले पॉइंट हवेत गेले. जेवायला वाढा."

वाढलं. भांडी जरा जोरात ठेवली.

२३ फेब्रु.

सुमनला सांगायला गेले. चार दिवस टाळत होते, तोंड दाखवायची लाज. ती गुडघ्याला तेल चोळत होती. ऐकून हसायलाच लागली.

"मिक्सर घेऊन काय करू गं? हितं लाईट कवा असती? माजा पाटा-वरवंटा लोडशेडिंगला भीत न्हाई."

मग हात थांबला. "इमानाचं मैल म्हंजे… त्याच्यावर दिल्लीला जाता येतंय का?"

मंदा दिल्लीत. जावई फौजेत. मुलगी झाली त्याला पाच महिने झाले. सुमननं नातीचा फोटो फक्त पाहिलाय. रेल्वेचा दीड दिवस, वरची बर्थ मिळाली तर चढणार कशी, या गुडघ्यांनी? दर वेळी तिकीट काढायचं ठरतं आणि दर वेळी गुडघे सुजतात.

मी बोलून बसले, येतं. सुमन, तुझ्याच फ्रीजचे मैल आहेत ते.

ती तेलाच्या बाटलीला बूच लावत राहिली, ते आधीच लागलेलं होतं.

२७ फेब्रु.

इ. रविवारचा आला. एकटाच. सून रुबीनाचं डोकं दुखत होतं म्हणे.

त्यानं हिशेब मांडला. मैल एवढे की पुणे-दिल्ली एक माणूस जाऊन येईल. किंवा दोन माणसं जातील, परत येणार नाहीत. कर वेगळा, तो रोख. तिकीट कुणाच्याही नावानं निघतं, पण खातं त्याचं, म्हणून तो सांगेल तेव्हाच. म्हटलं, मग काढ सुमनमावशीचं.

खालमानेनं म्हणाला, "मी रुबीनाला गोव्याचं बोललोय. लग्नाला पाच वर्षं होतात."

म्हणजे डोकं का दुखत होतं ते कळलं.

"अम्मी, शेजाऱ्यांना कुणी विमानानं पाठवतं का? कार्ड तुझं. वर्षाची फी तू भरतेस. उद्या कुणी पैसे बुडवले असते तर बँक तुझ्या दारात आली असती, सुमनमावशीच्या नाही."

"बुडवले का कुणी?"

"नाही बुडवले, पण…"

"तुला गोवर आला तेव्हा रात्र-रात्र मांडीवर कुणी घेतलं? तिनं कार्ड मागितलं होतं का?"

"आता ते मध्ये कशाला आणतेस?"

त्याच्या हातात चहा होता, नारिंगी पट्ट्यांच्या ग्लासात. तो मी काढून घेतला. चहा स्टीलच्या पेल्यात ओतला आणि पेला त्याच्यापुढे ठेवला. पस्तीस वर्षांचा बाप्या, ओठ भाजला तरी मुकाट प्याला.

हे म्हणाले, "झरीना, मुलगा आहे." माहीत आहे. म्हणूनच.

२ मार्च

दत्ता टेम्पो लावून आत आला. गल्लीत सगळं कळलंय.

"आपा, माज्या टायरचं जे काय आसंल ते म्हातारीला घाला. टायर तर कवाच घासलं. आन् इम्रानशेटला म्हनावं, गोव्याला म्या सोडतो. टेम्पोत मागं गादी टाकू!"

किती दिवसांनी हसले.

शाळेत केक यायचा तेव्हा सिस्टर म्हणायच्या, ज्यानं कापायचं त्यानं शेवटचा तुकडा घ्यायचा. मग सगळे तुकडे सारखे पडतात. इ.ला हे शिकवायचं राहिलं का? इंग्लिश मीडियम, ट्यूशन, सगळं केलं, आणि हेच…

६ मार्च

आज सुमनवरच संताप.

संध्याकाळी आली, पदराखाली भरलं वांगं. बसली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं झरीने. माज्यापायी तुज्या पोराशी वाकडं नगो. सून काय म्हनंल? मी बगीन मंदीची पोर, जरा मोठी झाली की ती येईलच."

मोठी झाली की! ते पाच महिन्यांचं मऊ डोकं तेव्हा कुठे हुंगायला मिळणार? आणि हिचा चांगुलपणा! सासूला चहा पाजण्यापासून हेच चाललंय, दुसऱ्याचं भलं करायचं आणि आपला ग्लास फुटला की आवाज न करता काचा वेचायच्या. तिला म्हटलं, तुझा हक्क आहे, तू भांड. तर म्हणते, "तू भांडतीस की माज्या वाटचं."

मग जरा वेळानं, वांग्याच्या वाटीकडं बघत, "येकली आसन तर म्या न्हाई बाई बसनार त्या इमानात. तू येत आसशील तर…"

जाताना दोघी, येताना रेल्वे? खालच्या दोन बर्थ मिळाल्या तर? दीड दिवस तिचे गुडघे माझ्या मांडीवर. का तिला एकटीलाच जाऊन-येऊन? झोप नाही.

१० मार्च

यांच्या मोबाईलवर इ.चा मेसेज. "बघतो."

मैलांवरच्या जागा थोड्या असतात, उशीर केला की जातात, हे त्यानंच सांगितलेलं. आणि आता बघतो! या एका शब्दावर माझी निम्मी नोकरी गेली. शाळेचं छप्पर, बघतो. मुलींचा संडास, बघतो. आता घरातही हेड ऑफिस.

१४ मार्च

रुबीनाचा फोन. मी आवाज कडक केला होता. ती हळूच म्हणाली, "अम्मी, सुमनमावशींचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं? आडनावासकट."

एकेक अक्षर सांगितलं. वय सांगितलं. विचारलं, इम्रानला माहीत आहे का तू विचारतेस ते? म्हणाली, "तो आंघोळीला गेलाय." आणि फोन ठेवला.

याचा अर्थ काय काढायचा?

१७ मार्च

तिकीट नाही, फोन नाही. रुबीनानं नाव विचारलं ते सुमनला बोलले नाही. पण तिनं आज अंगणात लुगडी वाळत घातली, ठेवणीतली. विचारलं तर म्हणते, कसर लागती.

फोन करून करून बोलणं तेच तेच होतं. उद्या दत्ता पुण्याला चाललाय, त्याच्याकडून निरोप धाडते. इथे आधी नीट लिहून घेते, नाहीतर रागात काहीतरी सुटायचं.

मैल सुमनला. सगळे. तिला एकटीनं जायचं नसेल तर दोघींची जायची तिकिटं, परतीचं रेल्वेचं माझं मी बघेन. कर मी भरते. खिडकी तिला.

दत्ताला पुढचे पॉइंट, पुढे जे साठतील ते, आणि ते मी महिन्याच्या महिन्याला वापरणार, लोणच्यासारखे मुरवत ठेवणार नाही. बँकेचा गुप्त नंबर आजपासून बदललाय. नवा कुणालाच नाही.

गोव्याला जायचं तर माझ्या पेन्शनमधून, एसटीची दोन तिकिटं, रुबीनाच्या हातात. तिच्याच.

नारिंगी ग्लास एक मंदाच्या मुलीला, लुगड्यात गुंडाळून, सुमनच्या पिशवीत. दुसरा इथेच फळीवर.

इम्रानला स्टीलचा पेला. तिकीट घेऊन आला तर काचेचा.