मागवेल तो चालक

३ मार्च, सोमवार
ॲपच्या अटींमधलं कलम नऊ लिहून पूर्ण. आमच्या कंपनीच्या माल पोचवणाऱ्या गाड्या माणसाशिवाय फुटपाथवरून फिरतात. कुणाला धडकल्या तर जबाबदार कोण, यावर मोठमोठे विद्वान परिषदा भरवतात, चहा पितात आणि घरी जातात. मी एका ओळीत निकाल लावला: ज्याने माल मागवला, तोच त्या फेरीपुरता गाडीचा चालक. कंपनी मोकळी. हे न्याय्य आहे का, असं स्वतःला विचारलं. अगदी प्रामाणिकपणे विचारलं. आहे.

४ मार्च
मीटिंग. इंजिनिअरबाई म्हणाल्या, सर, गिऱ्हाईक घरी सोफ्यावर लोळतंय, त्याच्या हातात ना ब्रेक ना हॉर्न, तो चालक कसला? मी नुसता हसलो. या लोकांना कायदा म्हणजे नट-बोल्ट वाटतो. साहेबांनी पाठ थोपटली. लीगल हेडची जागा रिकामी आहे, असं दोनदा म्हणाले.
संकल्प: गर्व करायचा नाही.

७ मार्च
कलम लागू. लोक न वाचता 'मान्य' दाबतात. अशांबद्दल थोडी सहानुभूती वाटावी म्हणून प्रयत्न केला. जमलं नाही.

१२ मार्च, संध्याकाळ
आमच्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना आमच्या गाडीने पाडलं. मनगट मोडलं. ऑपरेशन आहे. एकट्याच असतात. वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं, जबाबदारी वेगळी. बायकोने विचारलं, कंपनीने काही करायला नको का? तिला कलम नऊ समजावलं. म्हटलं, ज्या बावळटाने माल मागवला असेल, तो निस्तरेल.  ती म्हणाली, कपड्यांचा साबण संपला होता, मीच मागवला. तुमच्या मोबाइलवरून.

१३ मार्च
सकाळपासून कलम नऊमध्ये फट शोधतोय. नाही. ज्याच्या मोबाइलवरून मागणी, तोच मागवणारा, हेही मीच लिहून ठेवलंय. इतकं पक्कं काम ऑफिसात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, एवढं मान्य करायला हवं.
दुपारी सहज आल्यासारखं दाखवून इंजिनिअरबाईंना विचारलं, गाडीत काही दोष? आहे ना सर, उन्हाची तिरीप आली की कॅमेऱ्याला दिसत नाही, फेब्रुवारीतच कळवलंय, म्हणाल्या. त्यांना मिठाई देणार होतो. तेवढ्यात त्यांनी कलमाची पुढची ओळ वाचून दाखवली: गाडीतील दोषाची सबब चालकास सांगता येणार नाही. भाषा माझीच. सुबक आहे.

१४ मार्च
साहेबांना म्हटलं, एक अपवाद करू. ते म्हणाले, अहो, पहिल्याच केसला अपवाद? उलट आपलाच माणूस अडकला, म्हणजे कलम किती निःपक्षपाती! हेडच्या जागेचं नंतर बघू म्हणाले. अडाणी माणूस. दहा दिवसांपूर्वी हुशार वाटला होता.

१७ मार्च
हॉस्पिटलात गेलो. ठरवून गेलो: सगळं खरं सांगायचं. सुरुवात चांगली झाली. ऑपरेशनचं सगळं मी बघतो, म्हणालो. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, तुम्ही कशाला? मी केस करणार आहे त्या कंपनीवर. तुम्ही कायद्यातले, माझ्या बाजूने उभे राहाल ना? आणि हा नियम ज्या गाढवाने लिहिलाय, त्याला आधी शोधून काढा. बायको खिडकीबाहेर बघत होती.
हो म्हणालो.
कंपनीचं कलम माझं, गाडीचा चालक मी, आणि आता बाईंचा वकीलही मीच. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं.