भिंतीकडची बाजू

कोल्हापूर,
५ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आक्कांना धाकट्या जावेचा नमस्कार.

घरी न येता तुमच्या शाळेच्या पत्त्यावर पत्र आलं म्हणून दचकू नका. कुणाला काही झालेलं नाही. इकडं सगळे बरे आहेत. ह्यांची शिरोलीच्या कारखान्यातली पाळी चालूच आहे, आईंचे गुडघे होते तसेच आहेत, सकाळची थंडी पडायला लागली आहे. फोनच केला असता, पण दिवाळीपासून तुमचा फोन दादा उचलतात आणि माझा आवाज ऐकला की "ती कामात हाय" म्हणून ठेवून देतात. मी राग धरलेला नाही. हल्ली राग धरायचाही कंटाळा येतो.

फराळ मिळाला. आईंनी तुमची एक चकली हातात धरून उलटसुलट बघितली, "आक्काचा हात हाय" म्हणाल्या आणि चहात बुडवून खाल्ली. दाताला लागत नाही म्हणून.

आता मुद्द्याचं. आई-आबांना चार दिवस समुद्रावर पाठवावं असं माझ्या मनात आहे. दोघांना एकत्र.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण आपल्या घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. आबांचा खुबा मोडला, मुरगूडचं घर बंद केलं आणि दोघा भावांनी आईबापाची वाटणी केली. तुमचं जयसिंगपूरचं घर जमिनीलगत, म्हणून सासरे तुमच्याकडं. गुडघ्याचे डॉक्टर कोल्हापुरात, म्हणून सासूबाई आमच्याकडं. ऐकायला किती शहाणपणाचं! आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, तेवढं राहून गेलं. आता डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत आणि जिना उतरता येत नाही म्हणून आई त्यांच्याकडं जात नाहीत. त्या गॅलरीतल्या खुर्चीत बसतात आणि खालून कोण गेलं ते मला सांगतात.

आई जिना उतरायच्या तोवर दरवर्षी निदान दिवाळीला दोघांची गाठ पडायची. या वेळी ह्यांनी फोनवर म्हटलं, "दादा, आबांना हिकडं आण." दादा म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर? डोक्यावर घिऊन चढू काय?" हे म्हणाले, "मग आईला मी काय पाटीत घालून उतरवू?" झालं. दोन्हीकडं फोन आपटले. फराळ मात्र एसटीनं गेला आणि आला. भाऊबीजेला आईंनी आबांना फोन लावायला लावला. आबांना ऐकू येत नाही, म्हणून ह्या ओरडल्या, "जेवलासा काय?" तिकडून आबा म्हणाले, "हाय, बरा हाय." एवढीच दिवाळी.

देवगडच्या अलीकडं एक घरगुती राहायची सोय सापडली आहे. खोली तळमजल्यावर, दाराला उंबरा नाही, गाडी थेट ओट्यापर्यंत येते. कमोड आहे, शेजारी धरायला भिंतीत दांडी आहे. समोर माडांखाली बाकडं, बसल्या जागी समुद्र दिसतो, वाळूत उतरायला नको. उंबरा नाही म्हणजे खरंच नाही ना, हे मी इतक्यांदा विचारलं की त्या मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही स्वतःच येऊन झोपून बघा." मी म्हटलं, बघितलं असतं हो.

आबा घाटात गाडीत किती वेळ बसू शकतात? वॉकर डिकीत मावतो का? मासे अजून चालतात का? तेवढं कळवा. सोबत हे जातील, रजा टाकतील. मी जाणार नाही. घरात कुणीतरी हवं.

आणखी एक. मालकीणबाईंनी विचारलं, एकच मोठा पलंग लावू की दोन सुटे? आईंना विचारायला गेले आणि "चहा ठेवू काय?" असं विचारून परत आले. तुम्ही आबांना विचाराल का?

तुमची,
अनुजा


कोल्हापूर,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर बघून बरं वाटलं. म्हणजे वाटलं असावं, आजकाल मला लगेच समजत नाही.

तुम्ही लिहिलंत की आबांनी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली आणि रोज सकाळी "कवा निघायचं?" म्हणून विचारतात. पलंगाचं विचारल्यावर म्हणाले, "मोठाच लावा म्हनावं. आन् भिंतीकडची बाजू तिची. कडंला झोपली की पडत्या ती." हे मी गॅसपाशी उभ्यानं वाचलं. दूध उतू गेलं. मला माझ्या नवऱ्याची झोपायची बाजू आठवायला डोळे मिटावे लागतात. रात्रपाळीचा माणूस, बाजू कसली!

मग मी आईंना सांगितलं. आधी वाटलं, खूश होतील. त्या म्हणाल्या, "मी न्हाय यायची."

"का?"

"गुडघं."

"अहो, खुर्चीत बसवून चौघंजण अलगद उतरवतील. बिल्डिंगमधल्या पोरांना विचारून ठेवलंय."

"चौघांनी उचलायची एकच बारी असत्या बाई. ती आली की उतरीन."

मी चिडले. मोठ्यानं बोलले. सगळी खटपट केली, त्या बाईंना उंबऱ्यापायी हैराण केलं, आणि तुम्हाला नखरे सुचतात, असं बोलले. आक्का, तुम्हाला खरं सांगते, कारण तुम्हीही एक माणूस सांभाळता. घरात कुणीतरी हवं असं मी लिहिलं होतं. कशाला हवं? घर काय पळून जाणार होतं? मला ते चार दिवस हवे होते. दाराला कडी घालून झोपायचं होतं. "अनुजा" अशी हाक न येता. ही सहल मी माझ्यासाठी ठरवली होती आणि नाव त्यांचं लावलं होतं. त्या वाईट नाहीत हो. चुकूनही टाकून बोलत नाहीत. पण उठवा, बसवा, न्या, आणा, यात माझं काय झालंय ते मलाच माहीत नाही. मी सगळं वेळेवर करते आणि मला काही वाटत नाही. कुणी विचारलं तर "मजेत" म्हणते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत होते. मी बोलतच नव्हते. त्याच बोलल्या.

"रागावलीस व्हय? आगं, पयल्या वर्साला हितं झोपच लागंना मला. कूस बदलली की हात मोकळाच पडायचा. देवाला म्हनलं, बाबा, आता तूच सवय लाव. लागली कशीबशी. आता तुम्ही चार दिस न्हेनार, आन् परत येताना दोघांस्नी दोन गाड्यांत बसवनार. मग ती सवय परत कुठनं आनू मी?"

रागानं नाही म्हणाल्या. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं, तशा सांगत होत्या. मी तेल लावत राहिले. एक गुडघा झाला, दुसरा घेतला. रडू यायला पाहिजे होतं, एवढं मला कळत होतं. आलं नाही.

खोली रद्द केली आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी या." आबांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. आईंचे गुडघे दुखतात म्हणून सांगा. खोटं नाही ते.

अनुजा


कोल्हापूर,
२७ नोव्हेंबर २०२५

आक्का,

नमस्कार आहेच.

तुम्ही गुडघ्यांचं सांगितलं नाहीत. आबांच्या कानाशी तोंड नेऊन आई बोलल्या तसं सगळं सांगितलंत. मला ते जमलं नसतं. ऐकून आबा "बराबर हाय तिचं" म्हणाले, आणि त्या दिवसापासून "कवा निघायचं" विचारायचे थांबले, असं तुम्ही लिहिलंय. चिडले नाहीत, रुसले नाहीत. बाहेर नेऊन बसवलं की बसतात, आत आणलं की येतात.

हे वाचून मला राग आला. किती महिन्यांनी आला! दादांचा आला, ह्यांचा आला, तुमचा थोडा आणि माझा पुष्कळ. दोन म्हातारी माणसं आपल्या चौघांच्या सोयीसाठी इतकी शहाणी झाली आहेत आणि आपण त्यांना चार दिवसांचा समुद्र दाखवायला निघालो होतो.

मग बसून विचार केला. त्या मालकीणबाईंना मी जे जे विचारत होते, ते सगळं तुमच्या घरी आहे. आबांसाठी तुम्ही दारातला उंबरा काढून घेतला, कमोड बसवला. गाडी अंगणात येते. समुद्र नाही, पण आईंनी समुद्र मागितला होता कधी? त्यांनी काहीच मागितलं नव्हतं.

येत्या रविवारी मी आईंना घेऊन जयसिंगपूरला येते आहे.

मला कळतं. एक माणूस सांभाळताना तुमचा जीव मेटाकुटीला येतो, त्यात दुसरं. तुमच्या गळ्यात घालून मी पळणार नाही. निम्मा महिना मी तुमच्याकडं राहीन आणि दोघांचं सगळं मी करीन. त्या दिवसांत तुम्ही शाळा सुटली की इथं येऊन राहा. जयसिंगपूर काही लांब नाही, सकाळच्या एसटीनं शाळेत जाता येतं. आमचा जिना चढून सहसा कुणी येत नाही. हे पाळीवर असतात. कडी घाला आणि झोपा. उरलेला निम्मा महिना तिकडचं तुम्ही बघा, इथं मी झोपेन. पटत नसेल तर तोंडावर सांगा, पण आई आल्यावर सांगा.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दादा काय म्हनंल?" मी म्हटलं, "ते दारात कळंल." मग म्हणाले, "लोक म्हणतील, आईला सांभाळंना झाली." म्हणू देत. तेही पुष्कळसं खरंच आहे. मग उठून रविवारची रजा सांगायला फोन लावला. खुर्चीची एक बाजू हे धरणार आहेत.

आईंना काल सांगितलं. चार दिवस असं म्हटलं नाही, राहायला असं म्हटलं.

"आन् परतीची गाडी?"

"सांगितली नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, पुन्हा नाही म्हणणार. संध्याकाळी खोलीत गेले, तर कपाटातलं सगळं पलंगावर काढून बसल्या होत्या. शाल, स्वेटर आणि त्याखाली उन्हाळ्यातली सुती पातळंसुद्धा. घड्या घालत होत्या. मी मदत करायला गेले, तर "ऱ्हाऊ दे, माझं मी करतो" म्हणाल्या. मग मात्र मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. छान रडले.

आबांना आजच सांगा.

दादा दारातच विचारतील, किती दिवसांसाठी आणलंय म्हणून. तुम्ही तेव्हा आत आबांपाशी थांबा. उत्तर मी देणार आहे.

रविवारी आईंना घेऊन येणारी,
अनुजा