टायरच्या ठिगळाची खूण

भोंगवली. मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५७.

सायकल घेतल्यापासून सारोळ्याच्या शाळेतून दिवस मावळायच्या आत घरी येतो, एवढंच सुख. आजही वेळेत आलो, पण आल्या आल्या दाराला कडी घातली.

मागच्या टायरला कालच चामड्याचं ठिगळ शिवून घेतलं. चाकाच्या दर फेऱ्याला धुळीत त्याची चौकोनी खूण उमटते. येताना पाहतो तर तीच खूण गाडीरस्ता सोडून नदीच्या पायवाटेला उतरलेली. मी तिकडे गेलोच नव्हतो! गावात दुसरी सायकल नाही. खूण थेट पाण्यापर्यंत गेली होती. परतीची नव्हती.

वर मेंढरं राखणाऱ्या सखूबाई म्हणाल्या, "मास्तर, मगाशी तुमी पाण्याकडं गेला. म्या लई हाका मारल्या, वळून बी न्हाई बघितलं."

मी दिवसभर शाळेत होतो. सायकल दारात, माझ्या डोळ्यांसमोर. होती ना?

म्हातारीला नीट दिसत नाही म्हणावं, तर ती चौकोनी खूण?

उद्या सायकल घरीच ठेवून पायी जावं म्हणतो. पण गाडीरस्त्याच्या वळशाने चालत गेलो, तर घंटेच्या आत पोहोचणार नाही. पायी जायची वाट एकच. नदीतून.