तांब्याचा टक्का

३ मार्च
भट्टीवर पोस्टिंग. प्रोबेशनचा शेवटचा महिना. साहेब म्हणाले, स्लॅगमधून वाया जाणारं तांबं कमी करून दाखवा, कायम करण्याचं बघतो. नाही जमलं तर परत लॅबमध्ये काचेची भांडी धुवा. मी फक्त मान हलवली. आनंद चेहऱ्यावर दिसू न देणं मला छान जमतं.
स्लॅग म्हणजे भट्टीत वितळलेल्या धातूवर तरंगणारा मळ. तो ओतून टाकतात. सध्या त्यात १.१ टक्के तांबं जातं. माझं लक्ष्य ०.८. अवघड नाही. आजवर कोणी डोकं चालवलं नाही, एवढंच.
दुसरा संकल्प: चहात साखर एका चमच्याऐवजी अर्धा.

५ मार्च
स्लॅग घट्ट आहे म्हणून तांब्याचे थेंब त्यात अडकतात. चुना वाढवला की स्लॅग पातळ होईल, थेंब खाली बसतील. फोरमनला समजावलं. त्याला सगळे भोंगा म्हणतात. का, ते पाच मिनिटांत कळतं. तो अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाला, चुना लावायला आम्हीच सापडलो का, मॅडम? विनोद असावा. मी हसले नाही.

११ मार्च
०.९. साहेबांना मेल केला. विषयातच आकडा, ठळक अक्षरांत.
स्लॅगची गाडी चालवणारे मामा कुरकुरत आले. शिफ्टला चार खेपा व्हायच्या, आता पाच होतात. म्हणे, पोरी, भट्टीच्या आधी माझी कंबर वितळेल. म्हटलं, डॉक्टरला दाखवा. कामाचा कंटाळा माणूस कुठल्या कुठल्या अवयवावर ढकलेल, सांगता येत नाही.
साखरेचा संकल्प पाळला. अर्ध्या चमच्याने तरतरी येत नाही, म्हणून कप वाढवले. पण कपामागे साखर निम्मी. आकडा महत्त्वाचा.

१७ मार्च
चुना आणखी वाढवला. भोंगा किंचाळला, भट्टीचं पोट फुगलंय, अजून किती भरवताय? मी शांतपणे कालचा रिपोर्ट पुढे केला. त्याने रिपोर्टकडे पाहिलं नाही; माझ्याकडे पाहिलं आणि कोपरापासून हात जोडले. आदर असावा.

२४ मार्च
०.८. उद्गारचिन्ह मुद्दाम टाळते आहे.
मामांच्या खेपा सहा. त्यांनी मला पोरी म्हणणं सोडलं, मॅडम म्हणतात. यश मिळालं की हाकही बदलते.
आईने विचारलं, साखरेचा डबा एवढ्यात कसा रिकामा झाला? म्हटलं, मुंग्या असतील. ती म्हणाली, मुंग्या चहासुद्धा करून पितात वाटतं, पावडरही संपलीय. आईला पद्धतशीर विचार करता येत नाही.

३० मार्च
सादरीकरण. आलेख सुरेख उतरत गेला होता. साहेबांनी एकच विचारलं, स्लॅग किती निघतो? मी म्हटलं, तो माझा विषय नव्हता, माझा विषय टक्का. त्यांनी मामांना बोलावून खेपा विचारल्या आणि फळ्यावर लिहिलं: आधी चार गुणिले १.१, आता सहा गुणिले ०.८. म्हणजे ४.४ आणि ४.८. म्हणाले, चुन्याने स्लॅग वाढवून टक्का उतरवलात, तांबं जास्त घालवलंत.  
मी गुणाकार पडताळून पाहिला. बरोबर होता. तसं त्यांना सांगितलं.
घरी चहा करताना कप मोजायला घेतले. मग म्हटलं, नको.

२ एप्रिल
कायम झाले. लॅबमध्ये नाही, टाकाऊ स्लॅगच्या आवारात. साहेब म्हणाले, ढिगात तांबं तुम्ही घातलंत, आता बाहेरही तुम्हीच काढा. याचा अर्थ त्यांचा माझ्यावर विश्वास आहे.
चुना पूर्ववत केलाय. खेपा पुन्हा चार. मामा मला सामानासकट त्यांच्याच गाडीतून आवारात सोडून आले. परत जाताना भोंग्याला ओरडून सांगत होते, आज पाच झाल्या.